आपल्या विहिरीचं पाणी

आसावरीने बाटली खिडकीशी उजेडात धरली. काल तपासणीच्या बाटलीत भरलेलं विहिरीचं पाणी काळंकुट्ट झालं होतं; काळं म्हणजे दूषित. ग्रामपंचायतीने पाणी तपासायला शिकवलेली वस्तीवर ती एकटीच. विहिरीत ब्लीचिंग पावडर दोनदा टाकून झाली होती, तरी ही तिसरी बाटलीही काळीच निघाली.

ती तशीच दत्तोबांकडे गेली. उन्हाळ्यात वस्तीचे बोअर आटले, तेव्हा त्यांनीच आपली विहीर सगळ्यांना खुली केली होती. मग मे सरायच्या आत ढगफुटी झाली. नळयोजनेचा पंप पुरात बुडाला, संडासांचे शोषखड्डे तुडुंब भरले. विहीर मात्र काठोकाठ आली आणि लोकांना बरं वाटलं.

"आबा, पाणी पिण्याजोगं न्हाय. खड्ड्यातली घाण झिरपतीय."

दत्तोबा दवाखान्यात निघाले होते. सदऱ्याची गुंडी लावता लावता ते थांबले.

"कवापासनं?"

"पंधरा दिस तरी झालं असत्याल."

ते ओट्यावर बसले. त्यांची बायको शकुबाई जुलाबाने बारामतीच्या दवाखान्यात होत्या. आज सहावा दिवस.

"तिला दवाखान्यातलं पाणी जात न्हाय," ते म्हणाले. "मी रोज हितलंच नेतो."

आसावरीने बाटली पदराआड घेतली.

विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. दत्तोबांनी जाऊन, वाट अडवून त्यांना सगळं सांगितलं. त्यांतल्या एकीने हंडा कडेवर घेऊन ऐकून घेतलं.

"मग कुठलं नेऊ, आबा?"

दत्तोबांनी आसावरीकडे पाहिलं. टँकर मागून झाला होता. पावसाळ्यात टँकर मिळत नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं.

"उकळून प्या," ती म्हणाली.

"समदं जळण भिजलंय, ताई."

दत्तोबा वाटेतून बाजूला झाले आणि बायका पुन्हा पाणी शेंदू लागल्या.

दुपारी दवाखान्यासमोरच्या दुकानातून त्यांनी सीलबंद पाणी घेतलं. व्हरांड्यातच ते पेल्यात ओतलं आणि मग आत गेले. शकुबाईंनी एक घोट घेऊन तोंडात घोळवला.

"हे आपलं न्हाय."

"आपलंच हाय. पी."

शकुबाईंनी पेला बाजूला ठेवला. ओठ सुकून फुटले होते.

"उद्या विहिरीचं आणा. त्यानंच बरं वाटंल मला."

दत्तोबा त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले.