अहो, जरा खाली घ्या

गाणं थोडं उतरवून, चारशे बत्तीस हर्ट्झच्या सुरात ऐकलं की मन शांत होतं, हे ज्ञान माझ्या मुलाला मोबाईलवर मिळालं. चारुशीला जाऊन चार महिने झाले, बाबांना झोप नाही, म्हणून यज्ञेशनं आपल्या आईचं एकुलतं एक रेकॉर्डिंग त्या सुरात बसवलं. वर मोबाईलात जागा नाही म्हणून मूळचं पुसूनही टाकलं.

"आता ऐका बाबा. लई निवांत वाटतंय," तो म्हणाला.

निवांत कसलं! रोज संध्याकाळी ते रेकॉर्डिंग लावून मी पेटीवर तिला साथ करायचो. माझा संसार आता तेवढाच उरला होता. त्या दिवशी नेहमीची काळी चार दाबली, तर ती जुळेना. शेजारची पांढरी पाच दाबली, तीही नाही. दोन्हींच्या मध्येच कुठंतरी माझी बायको गात होती. मी यज्ञेशला नाही नाही ते बोललो. तो रडला, मग मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन चन्नबसप्पांकडे गेलो. तुळजापुरात बसस्टँडमागं ते पेट्या दुरुस्त करतात.

"सगळे सूर घासून उतरवायचे? गुरुजी, मग दुसऱ्या कुठल्या पेटीशी हिचं जमायचं न्हाय बघा."

"न जमू दे. रेकॉर्डिंगशी जमलं म्हणजे झालं."

ते एकेक पितळी सूर काढून बुडाशी घासत राहिले. मोबाईलवर चारुशीला गात होती. मधेच त्यांनी कानस थांबवली.

"वैनी काय गायच्या! मग शेवटी शेवटी भजनात नुसते टाळ का वाजवायच्या?"

काय सांगणार? छातीचं दुखणं सुरू झाल्यावर ती म्हणायची, "अहो, जरा खाली घ्या. मला एवढं वर जमंना." एकच पट्टी खाली मागत होती. पण माझी बोटं चाळीस वर्षं काळी चारलाच बसलेली. पट्टी बदलली असती तर चारचौघांत अडखळलो असतो. ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून उलट तिलाच म्हणालो, "रियाज कमी पडतोय तुझा." पुढचे तीन मंगळवार भजनात तिनं जिवाच्या आकांतानं गायलं. चौथ्या मंगळवारी मुकाट्यानं टाळ घेतले.

पेटी घरी आणली. रेकॉर्डिंग लावलं, काळी चार दाबली. तंतोतंत जुळलं. बोटं जिथल्या तिथं, आणि सूर खाली.

यज्ञेश दारात येऊन उभा राहिला. "जमलं का, बाबा?"

"जमलं रे. खाली घेता येत होतं," मी म्हणालो, आणि भाता सोडून दिला. चारुशीला एकटीच पुढं गात राहिली.