दारातली बाई

कृत्रिम हात बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला नखवाली म्हणत. सिलिकॉनच्या हातांवर शिरा, तीळ, सुरकुत्या आणि नखं रंगवायचं काम तिच्याकडे होतं. नवीन कुणी कामाला आलं की तिच्या टेबलावरचा हात बघून दचके, आणि ती खळखळून हसे.

तिची पाळी सकाळची, नवरा बेकरीत रात्रपाळीला. त्यामुळे दोघांच्या वाट्याला दुपार यायची. सासूबाई त्या वेळी वाचनालयात बसत. पहिली काही वर्षं या दुपारांची ओढ नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त होती. मग दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात मूल गेलं. तिला जेवण जाईना, रडू थांबेना. डॉक्टरांनी मन सावरायच्या गोळ्या दिल्या. रडणं थांबलं.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिला कळला, पण पलीकडच्या घरात कुणी खुर्ची सरकवावी तसा. तिनं डोळे उघडले. खोलीच्या दारात एक बाई उभी होती. तिच्याच उंचीची, अंगात तिचाच निळा गाऊन. चेहरा सावलीत होता. पलंगावरच्या दोघांकडे ती बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी बघत होती.

"दार लावलंयस ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कडी घातलीय की. का गं?"

कडी खरंच घातलेली होती. बाई बंद दाराच्या अलीकडे उभी होती.

त्यानंतर नवरा जवळ आला की बाई यायचीच. इकडे अंग कोरडं पडे, दुखे. ती दात आवळून पडून राही, आणि नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मधूनमधून सुस्कारे टाकी. जितकं नाटक बेमालूम, तितकी बाई जवळ सरके. आधी कपाटापाशी, मग पलंगाच्या पायथ्याशी. कारखान्यात एकदा तिनं रंगाचा कोरडा ब्रश स्वतःच्या मनगटावरून फिरवून पाहिला. केसन् केस जाणवला. म्हणजे कातडी मेलेली नव्हती. मग घरी काय होत होतं?

एका दुपारी नवराच उठून बसला.

"एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"सांग."

"आपण जवळ आलो की कुणीतरी बघतंय असं वाटतं मला. आणि परवा माझ्या पायाशी गादी दबली. कुणी बसावं तशी."

बाईबद्दल ती त्याला एक अक्षर बोलली नव्हती. मग मात्र तिनं सगळंच सांगून टाकलं. बाई, दुखणं, खोटे सुस्कारे.

"म्हणजे इतके दिवस तुला दुखत होतं?"

"हो."

"आणि मी..."

शनिवारी दोघं बायकांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर स्वतः बाईच होत्या. तिनं आधीच सांगून टाकलं, "भूत उतरवून घ्यायला आले असं समजू नका हं." डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी तपासलं, गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून वाचली.

"या गोळ्यांनी इच्छा मंदावू शकते," त्या म्हणाल्या. "पण मनानं बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांच्याशी मी बोलते. त्यात दुखतंय. दुखणार या धास्तीनं शरीर आधीच आखडतं, आणि मन लांब जाऊन उभं राहतं. मनातली इच्छा आणि शरीराची तयारी, दोन्ही दरवेळी सोबत येतात असं नाही. कित्येक बायकांना इच्छा आधी होतच नाही, निवांत जवळ आल्यावर होते. आणि इच्छा नसल्याचं तुम्हाला काही वाटत नसेल, तर तो आजारही नव्हे. तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं हो," ती म्हणाली. "मला आवडायचं ते."

डॉक्टरांनी कोरडेपणासाठी जेल दिलं, समुपदेशकाकडे पाठवलं, आणि तूर्त संबंध बंद ठेवायला सांगितले. नुसता स्पर्श, तोही ती म्हणेल तिथे. दुखलं की थांबायचं. बाई दिसली तरी थांबायचं.

"दिसली," ती म्हणे. नवरा लगेच हात काढून घेई, आणि दोघं उठून दाराकडे बघत बसत. त्याला काही दिसत नसे. एकदा असंच बसलेलं असताना त्यानं दाराकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, "बसा ना, चहा टाकू?"

तिला हसू फुटलं. पोट दुखेपर्यंत हसली, त्याच्या दंडाला धरून हसली. आणि हसता हसता तिनं पाहिलं, बाईनं मान वळवली होती. मग बाई बंद दारातूनच निघून गेली. पॅसेजमधून जाणारी पावलं दोघांनीही ऐकली.

पुढे गोळी बदलली. सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. कधी मधेच थांबावं लागे, कधी तिलाच कंटाळा येई. पण एका दुपारी तो खिडकीची काच पुसत होता, आणि त्याच्या मानेकडे बघता बघता तिला तिथे हात ठेवावासा वाटला. तिनं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. खोलीत दोघंच होती.

दर शनिवारी कुठे जाता, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिनं लपवाछपवी केली नाही. जीभ अडखळली, पण बाईसकट सगळं सांगितलं.

सासूबाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "तुझी निळ्या गाऊनमध्ये येते ना? एकदा वाचनालयातून लवकर आले, तेव्हा दिसली होती मला पॅसेजमध्ये. माझी पिवळ्या स्वेटरमध्ये असते."

"आई?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. मला वाटायचं, सगळ्याच बायकांकडे असते."

"बाबांना सांगितलं होतंत?"

"काय सांगणार, कपाळ! ते गेले, ती काही गेली नाही." सासूबाईंनी चष्मा पुसला. "त्या डॉक्टर माझ्या वयाच्या बायकांना तपासतात का गं?"

"तपासतात, आई."

"मग या शनिवारी मीही येते," सासूबाई म्हणाल्या. आणि सुनेच्या खांद्यावरून मागे बघत, हलक्या आवाजात, "तूही चल," असं कुणाला तरी म्हणाल्या.