चार बोटं वर

लीलाने तांब्याभर पाणी फटफटीच्या पायफळीवर ओतलं आणि काथ्याच्या बोळ्याने ती घासायला घेतली. जयगडच्या वाटेवरची तांबडी माती अशी चिकटून बसते, की शेवटी नखानेच खरवडावी लागते. चिखल निघाला आणि तिचा हात थांबला. फणसाची ती फळी ज्या दोन लोखंडी पट्ट्यांना टांगली होती, त्यांना नवी भोकं पडली होती. अजून आतून चकाकत होती. फळी चार बोटं वर सरकली होती.

तिने हात पुसले, पदर खोचला आणि मागच्या गादीवर एका बाजूला बसून पाय फळीवर ठेवले. गुडघे पोटाशी आले.

तेहेतीस सालचा मार्गशीर्ष होता. रत्नागिरीत तेव्हा फटफट्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. राजाभाऊंना शाळा तपासत गावोगाव हिंडावं लागे, म्हणून विलायतेला परत निघालेल्या एका पाद्र्याकडून त्यांनी ही जुनी गाडी घेतली. पहिल्याच खेपेला जांभ्याच्या वाटेने त्यांची कंबर धरली. मग नवरा-बायको दोघंही त्या गाडीच्या मागे लागली. लीलाने गादीसाठी शिडाच्या जुन्या कापडाची खोळ शिवली, आत काथ्या दाबून भरला, वर सावरीचा कापूस. हात बधिर होऊ नयेत म्हणून मुठींना आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. चिखल उडू नये म्हणून रॉकेलचा डबा कापून पुढे पत्रा लावला. सगळं घरातलंच, टाकाऊतलं.

आणि सगळ्यात शेवटी ही फळी. ती मात्र लीलासाठी. गुहागरला तिची आई होती, तीन वर्षांत गाठ नव्हती. फटफटीने जयगड, तिथून तरीच्या होडीने खाडी ओलांडली की गुहागरची वाट. राजाभाऊंनी तिला उखळावर बसवलं होतं आणि सुंभाने गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेऊन गाठ मारली होती.

"दुसऱ्याच्या मापाच्या गाडीवर बसणं म्हणजे शिक्षा बघ," ते म्हणाले होते.

त्यानंतर ते तीनदा जयगडला जाऊन आले, एकटेच. आईसाठी दिलेली मेतकुटाची बरणी तिन्ही वेळा तशीच परत आली. खाडीवरची तर बंद होती म्हणे.

मागल्या दारी महिपत सुतार विहिरीचा रहाट ठोकत होता. लीला तिकडे गेली.

"महिपत, फळी तू वर घेतलीस?"

"मीच तर. का वो वैनी, कुरकुरते काय?"

"नाही. छान बसलीय."

"भाऊंनी दोरी आणून दिली, गाठ मारलेली. मी म्हटलं, आमच्या वैनी म्हणजे माडासारख्या उंच, ही दोरी कुणाची? तर म्हणाले, भाची येणार हाय पावणी." तो हसला. "पोर ठेंगणीच दिसते. चौदा-पंधराची आसल, न्हाय?"

"असेल," लीला म्हणाली.

राजाभाऊंना भावंड नव्हतं. तिचा एकुलता एक भाऊ अजून बिनलग्नाचा होता.

ती घरात आली. माजघरात सासूबाई ट्रंकेपुढे बसल्या होत्या. त्यांचा स्वतःचा लग्नातला शालू मांडीवर होता. दोन दिवस त्या त्याला ऊन दाखवत होत्या, कसर लागेल म्हणून.

"मुलगी जयगडची का?" लीलाने उभ्याउभ्याच विचारलं.

शालूची घडी अर्धीच राहिली.

"राजाने सांगितलं तुला?"

लीलाने खाली लोळणारा शालूचा पदर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"सात वर्षं वाट पाहिली गो," सासूबाई शालूकडे बघत म्हणाल्या. "घराला वंश नको का? गरिबाघरची आहे, आवाज म्हणून नाही पोरीला. माघातला मुहूर्त धरलाय. तू थोरली आहेस, थोरलीच राहशील. तुला सांगायचं त्याच्या जिवावर आलं, एवढंच."

"दोरीने माप घ्यायचं नाही आलं जिवावर."

सासूबाईंना त्यातलं काही उमगलं नाही. त्यांनी घडी पुरी केली.

संध्याकाळी राजाभाऊ कचेरीतून आले, तेव्हा लीला ओटीवर बसली होती. फटफटीची गादी मांडीवर घेऊन ती दाभणाने तिला चामड्याचा पट्टा शिवत होती.

"वा! हे काय नवीन?"

"पट्टा. धरायला."

"तुला कशाला गं? तू माझा खांदा धरशील की. जयगडची तर सुरू झाली की निघूच आपण."

"मला नकोच आहे." तिने दोरा दातांनी तोडला. "ती लहान आहे. कातळ-सड्यावरच्या उतारावर घाबरेल. आणि चारचौघांत तुमच्या खांद्याला हात लावायची लाज वाटेल तिला, पहिल्या पहिल्यांदा."

राजाभाऊ एक वहाण काढून तसेच उभे राहिले.

"लीला, मी तुला सांगणारच होतो..."

"रविवारच्या आगबोटीने मी निघते. दाभोळला गुहागरहून भाऊ येईल घ्यायला. दुपारीच पत्र टाकलंय."

"परत कधी येशील?"

तिने पट्टा दोनदा ओढून पाहिला. पक्का बसला होता. मग उठून तिने गादी त्यांच्या हातात दिली.

"दव पडतं हल्ली. बाहेर ठेवू नका," ती म्हणाली. "काथ्या आतून कुजतो. वरून कळत नाही."