माग बंद असताना

अरं, ऐका की! तौसिफचा बँड नरेशच्या बापाच्या टॉवेल कारखान्यात प्रॅक्टिस करायचा. मागांच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून तौसिफ कायम किंचाळूनच गायचा, पहिला अल्बमही तसाच झाला. दुसऱ्यासाठी मात्र त्यानं वारलेल्या अब्बांवर गाणं लिहिलं.

नरेश म्हणाला, "ह्यात वरडायचं न्हाय गड्या. सुट्टीला माग बंद असत्यात, तवा रेकॉर्ड करू."

त्या शांततेत तौसिफ लई घाबरला. 'अब्बा' म्हणताना आवाज फाटलाच.

"डिलीट कर. लोक हसतील."

"न्हाय करत. तू आजवर गायलेलं सगळ्यात भारी हेच हाय."

तौसिफनं उठून एक माग चालू केला आणि त्या खडखडाटाआड पोटभर रडला. मग त्यानंच माग बंद केला अन् म्हणाला, "ऱ्हाऊ दे तसंच."