डोक्यावरच्या तेलाची परीक्षा

शुक्रवारी सकाळी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. न्हाण्याचा वार, म्हणून बायका डोक्याला तेल थापूनच आल्या होत्या. स्वामी त्यांच्या केसांतलं थोडं तेल निपटून बाटलीतल्या तांबूस पाण्यात घालत आणि हलवत. पाणी नितळ झालं की गरजत, "रोग भस्म! गोळ्या-सुया कावेरीत फेका!" एवढा स्वस्त वैद्य कोणाला नको?

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी वासुकी तिथे आपल्या भावजयीला, कामाक्षीला, शोधत आली. कामाक्षीच्या खांद्यावर तिची मुलगी हरिता निपचित पडली होती. तिला धाप लागली होती, तोंडाला नासक्या फळाचा वास येत होता.

"वहिनी, इन्सुलिन दिलंत का?"

"मंगळवारी हिच्या तेलाने पाण्याचा रंग गेला की, वन्सं. तेव्हापासून सुई बंद."

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे, आस्पत्रीत चला!"

"रोगच गेला तर आस्पत्री कशाला? स्वामी म्हणाले, पीडा बाहेर पडते आहे."

तेवढ्यात वरलक्ष्मी नावाच्या म्हातारीचं पाणी तांबूसच राहिलं. "पापीण!" स्वामी खेकसले. म्हातारी रडू लागली. तिच्या केसांना खोबरेलाचा वास होता, बाकी साऱ्या तिळेलाने न्हाणाऱ्या. आणि पाण्याचा तो उग्र दर्प वासुकीच्या रोजच्या ओळखीचा, ब्रोमीनचा होता.

तिने समईशेजारचा तिळेलाचा बुधला उचलला, म्हातारीच्या त्याच बाटलीत ओतला आणि हलवला. पाणी नितळ झालं.

"बोला स्वामी, ह्या बुधल्याला कोणता रोग होता?"

कामाक्षी किंचाळली आणि मुलीला घेऊन धावत सुटली.

तीन दिवस डॉक्टर झटले. हरिता वाचली नाही.

आठवड्याने वासुकी त्याच मंडपात उभी राहिली. समोर त्याच बायकांत कामाक्षी बसली होती, कोरड्या डोळ्यांनी.

"तेलात कार्बनच्या साखळ्या असतात," वासुकी म्हणाली. "खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या हायड्रोजनने पुरत्या भरलेल्या. तिळेलात काही ठिकाणी हायड्रोजनची जोडी कमी, म्हणून तिथे शेजारचे दोन कार्बन एकमेकांना दुहेरी धरतात. ब्रोमीन नेमकं तिथे जाऊन चिकटतं आणि रंग जातो. त्यात देव नाही, पाप नाही, रोगही नाही. चमत्कार दिसला तर तो पुन्हा करून दाखवायला सांगा, तुम्ही आणलेल्या वस्तूंनी. आणि डॉक्टरला विचारल्यावाचून औषध थांबवू नका. आमच्या हरिताला नुकतं अकरावं लागलं होतं."