बेटाची काळी धार

२०२३च्या जानेवारीत, एका शुक्रवारी दुपारी, शालन त्या बेटाच्या काळ्या धारेवर बसकण मारून हातांनी पुढचा दगड चाचपत होती. जुन्या ज्वालामुखीचा दगड तो. हात लावला की बोटं सोलून निघायची, पाय ठेवला की खालची खडी सरकायची. सरकलेली खडी घरंगळत जायची आणि मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. दोन्ही बाजूंना, खूप खाली, तांबडा समुद्र होता.

"यल्ला वहिनी, चला लवकर! जेद्दापर्यंत अशाच बसून उतरणार काय?" पुढून चंदन ओरडला.

"तू गप रे. मागे बायको नाही म्हणून उड्या मारतोयस."

दोघांच्या मध्ये तिचा नवरा बाळाराम होता. सौदीत जिझानच्या उत्तरेला किनाऱ्यावर जेट्टीचं काम चाललं होतं, तिथे तो क्रेन चालवायचा. चंदन त्याचा सिग्नलमन. खाली उभं राहून वॉकीटॉकीवर डावं-उजवं सांगणारा. दोघेही गुहागरकडचे. शालन तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून बाळाराम कॅम्प सोडून तिच्या क्वार्टरमध्ये राहायचा. हॉस्पिटलच्या गच्चीवरून हे बेट रोज दिसायचं, आणि एकदा तिथे जायचं हे टुमणं तिचंच. एका मच्छीमाराने सकाळी होडीतून बेटाच्या एका टोकाला सोडलं होतं. आता धार उतरून दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर पोचायचं होतं, तेही सूर्य बुडायच्या आत. अंधार पडल्यावर होडी पाण्यात दिसली तर तटरक्षक धरतात. म्हणून मच्छीमार थांबणार नव्हता.

चंदन उतरताना कामावरचीच भाषा बोलत होता.

"बूम डावीकडे, बाळादादा. हळू. अजून हळू. लोड खाली. होल्ड!"

बाळाराम तसतसा पाय टाकत होता. शालनला एवढ्या भीतीतही हसू आलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा यांची क्रेन काही सुटत नाही.

मग एका सुळक्याला वळसा घालून चंदन दिसेनासा झाला, आणि वाऱ्याने त्याचा आवाजही नेला.

बाळाराम थांबला. एक पाय उचललेला, तसाच. शालन वाट बघत राहिली. तो पाय सावकाश डावीकडे गेला, जिथे धार संपली होती, आणि खाली जाऊ लागला.

"अहो!"

आपण कशा उठलो हे तिला कळलं नाही. तिने त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली आणि दोघं मागे आदळली. खडीचा एक लोट त्या बाजूने खाली गेला.

"चंदन काय म्हणाला गो?" बाळारामने विचारलं. आवाज अगदी साधा. कपाळावर मात्र घाम.

शालनने आपला हात त्याच्या डाव्या डोळ्याशेजारी नेऊन बोटं हलवली. पापणी लवली नाही. मग उजव्या बाजूने हात छातीपासून वर आणला. तो नाकापर्यंत पोचला तेव्हा कुठे त्याने मान मागे घेतली.

"काय करतेस?"

"माशी होती."

उजव्या डोळ्याने त्याला समोरचं दिसत होतं. पायाखालचं दिसत नव्हतं. आणि उंच केबिनमध्ये बसलेला माणूस दिवसभर कुठे बघतो, हे काय तिला कोणी सांगायला हवं होतं?

पण ऊन पिवळं होत चाललं होतं. ती त्याच्या पुढे झाली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.

"उजवा पाय. खाली. अजून. टेकला? आता वजन टाका."

ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा खाटेवरून उतरवताना ती अशीच बोलायची. बाळाराम निमूट ऐकत राहिला. असं का, हे त्याने विचारलं नाही, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

सुळक्यामागे चंदन उभा होता. तिला पुढे आलेली बघून त्याच्या ओठांवरची थट्टा तिथेच राहिली.

किनाऱ्यावर होडीवाला इंजिन सुरू करूनच बसला होता. बाळारामला त्याने हात देऊन वर घेतलं. शालनने चंदनला पाण्यातच थांबवलं. इंजिनाच्या आवाजात होडीपर्यंत काही ऐकू जाणार नव्हतं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. काँट्रॅक्ट संपेपर्यंत रेटतो म्हणाले. मेडिकलला कळलं तर खलास, वहिनी, इकामाच जातो, इथे राहायचा परवाना. खाली मी असतो ना. माझ्या आवाजावर बरोबर चालवतात."

"आणि तुझ्या बाजूला जी माणसं उभी असतात, ती?"

चंदनने होडीची दोरी मनगटाला गुंडाळली, परत सोडली.

"यांची परत ड्यूटी कधी?"

"उद्या सकाळी."

घरी पोचल्यावर शालनने साइटच्या डॉक्टरांना फोन केला. सकाळी क्रेनवर चढायच्या आधीच बाळारामला डोळे तपासायला नेलं, आणि महिन्याभरात त्याच्या पासपोर्टवर फायनल एग्झिट लागलं, म्हणजे कायमचं परत जायचं. कोणी कळवलं, हे डॉक्टर बोलले नाहीत. बाळारामने विचारलंही नाही. धारेवर शालनने माशी हाकलली आणि धीर दिला, एवढंच तो धरून चालला होता; त्याच्या लेखी डोळ्यांचं ठाऊक असलेला माणूस एकच होता, चंदन. शालन त्याला खरं सांगणार होती, पण चंदन तिला हॉस्पिटलच्या गेटवर येऊन भेटला.

"त्यांच्या मनात माझंच नाव राहू दे, वहिनी. मला काय, दुसरी क्रेन मिळेल. त्यांना तुमच्याबरोबर राहायचंय."

होडीवाल्याने होडी विकून पिकअप घेतली, असं पुढे कानावर आलं. चंदन दमामला गेला. त्याचं लग्न झालं, एक मुलगी आहे. शालन नोकरी सोडून गुहागरला आली. बाळारामचा डावा डोळा गेला तो गेलाच, उजवा तेवढ्यावर थांबला आहे.

रोज सकाळी ती त्याच्या डोळ्यांत काचबिंदूचं औषध घालते. तो पडवीत तोंड वर करून बसतो. औषध जिरेपर्यंत डोळे मिटून ठेवायचे असतात, तेवढ्यात तो हटकून चंदनला शिव्या घालतो. गाववाला म्हणून जवळ केला, आणि त्यानेच घात केला.

शालन गालावर ओघळलेला थेंब पदराने टिपते.

"डोळे उघडू नका अजून," ती म्हणते.