कंपनकडं आणि बरणीचं रबर

टोपली भरत चालली होती. चष्मे, गुडघ्याचे पट्टे, कमरेचे पट्टे, एक काठी, कुणाची तरी खोकल्याच्या गोळ्यांची डबी. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक रांगेनं व्यासपीठावर चढत होते, आपापली वस्तू टोपलीत टाकत होते आणि डोळे पुसत खाली येत होते. चष्मा नुकताच टाकलेला असल्यामुळे येताना बरेच जण पायरी चुकत होते. त्यालाही टाळ्या पडत होत्या.

"कुबड्या टाका!" कंपनगुरू ओरडत होते. "तुमची प्रत्येक पेशी गाणं गातेय. तुम्ही तिच्या तोंडावर हात ठेवलाय. हात काढा!"

हे कंपनगुरू जटाधारी वगैरे नव्हते. विद्यापीठात जटा चालत नाहीत. त्यांनी अंगाबरोबर शिवलेला कोट घातला होता, पायात पांढरेशुभ्र बूट, गालाला चिकटलेला माइक, आणि मागच्या पडद्यावर एक भलामोठा आलेख. निळी रेघ खालून वर गेलेली. कशाची रेघ, कशाविरुद्ध काढलेली, काही पत्ता नाही. दोन्ही अक्ष कोरे. या विद्यापीठात मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. अक्षांना नावं न देणाऱ्या पोरांचे गुण मी कापत आले. आणि आता त्यातलीच काही पोरं प्राध्यापक होऊन पहिल्या रांगेत बसली होती आणि त्या कोऱ्या आलेखाकडे बघून माना डोलवत होती.

विद्यापीठाचा वार्षिक सप्ताह तोंडावर होता. फाटकावरच्या फलकावर सगळं लिहिलेलं होतं: नाटक, गाणं, चित्रांचं प्रदर्शन, व्याख्यानं, आणि शेवटच्या दिवशी सकाळी मैदानावरच्या शर्यती. सप्ताहाची हवा तयार व्हावी म्हणून हे पहिलं व्याख्यान ठेवलं होतं, 'यशाची वारंवारता'. याच वेळी शेजारच्या वर्गात एक तरुण बाई तारे कसे जन्मतात ते सांगत होत्या. जाता जाता मी डोकावले. समोर मोजकीच डोकी, त्यातलं एक बाकावर टेकून झोपलेलं. बाई तरीही जीव तोडून सांगत होत्या.

इकडे गुरूंनी विद्यापीठाच्या पैलवानाला वर बोलावलं. खांद्याच्या रेषेत हात आडवा धरायला लावला आणि दोन बोटांनी दाबला. हात पडला. सभागृह हळहळलं. मग गुरूंनी त्याच्या मनगटात रबराचं एक काळं कडं चढवलं, डोळे मिटून 'हूंम्' केलं आणि तोच हात पुन्हा दाबला. या वेळी गुरू जवळजवळ लोंबकळलेच. हात तसूभर हलला नाही.

"हे कंपनकडं!" गुरू म्हणाले. "पृथ्वीची नाडी आणि तुमची नाडी, आता एक!"

लोक उभे राहिले. क्रीडाविभागानं सगळ्या खेळाडूंसाठी कडी मागवलीच होती, ती तिथंच वाटली गेली. आणि त्या गर्दीत मला भिंगरी दिसली. भिंगरी म्हणजे माझी नात. चालायला लागली तीच धावत, म्हणून हे नाव. लांब पल्ल्याची शर्यत ती धावते, आणि तिला लहानपणापासून दमा आहे. ती टोपलीपाशी थांबली, खिशातून काहीतरी काढलं आणि आत टाकलं. मी शेवटच्या रांगेत होते. काय टाकलं ते दिसलं नाही.

घरी जिन्यात तिचा श्वास मला दाराआडून ऐकू आला. बारीक शिट्टीसारखा.

"दम्याचा पंप कुठाय गं तुझा?"

"टोपलीत."

"काढून आण."

"आजी, मला किती मोकळं वाटतंय माहितीये?"

"हो, ते मोकळं वाटणं वरच्या मजल्यापर्यंत वाजतंय."

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, मनगटातलं नवंकोरं विकतचं कडं फिरवत खुर्चीतून म्हणाला, "आई, तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायलाच हवं का? विद्यापीठानं बोलावलंय त्यांना. कुलगुरू स्वतः कडं घालतात."

"कुलगुरूंना दमा नाही रे बाबा."

मी औषधाच्या दुकानातून नवा पंप आणला. भिंगरीनं तो हातात घ्यायलाही नकार दिला. गुरूंनी बजावलं होतं, एकदा जरी कुबडी घेतली तरी कंपन तुटेल आणि सगळं पहिल्यापासून. त्यांच्या धंद्यातली ही खरी हुशारी. बरं वाटलं तर कड्याची करामत, आणि जीव घाबरा झाला तर तुमची श्रद्धा कमी. रोज ती सरावाहून परतायची ती भिंतीला धरून. डॉक्टरांनी फोनवर दोनदा समजावलं, तिनं "हो काका" म्हणून फोन ठेवला.

"असं धावलीस तर मैदानातच पडशील," मी म्हणाले.

"तू सगळ्यांसमोर दाखव ना, ते खोटं आहे म्हणून. मग घेईन पंप."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. इथं स्वयंपाकघरात कुणीही शहाणपणा शिकवतं."

बरोबर बोलली पोरगी. मला तिचा रागही आला आणि ती माझीच नात आहे हेही पटलं.

आमच्या विद्यापीठात एक जुनी रीत आहे. व्याख्यान झालं की आभारांआधी पहिला प्रश्न सभागृहातल्या सगळ्यात ज्येष्ठ शिक्षकाचा. मी विद्यार्थिनी होते तेव्हा याच सभागृहात लाकडी बाकं होती, झरोक्यात चिमण्यांची घरटी होती, आणि ऐन व्याख्यानात काड्या डोक्यावर पडायच्या. तेव्हाही एक गृहस्थ आले होते, चुंबकावर ठेवलेलं पाणी पाजून बहिऱ्यांना ऐकू आणणारे. आमचे म्हातारे सर खडूनं माखलेला कोट घालून उठले आणि हळूच, अगदी ओठांत म्हणाले, "पाणी प्यायलेल्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं: आज वार कोणता?" एकानंही तोंड उघडलं नाही. सभा हसून हसून संपली. त्या सरांच्या प्रश्नासाठी आम्ही व्याख्यानाला जायचो. हल्ली ती रीत कार्यक्रमपत्रिकेत छापतात तेवढीच. पहिल्या दिवशी टोपलीच्या रेटारेटीत आभार झालेच नाहीत, प्रश्न तर दूरच. पण शर्यतीच्या आदल्या दुपारी गुरूंचं समारोपाचं व्याख्यान होतं. आणि सगळ्यात ज्येष्ठ आता मीच उरले आहे.

मी जुन्या परकराच्या कापडाच्या दोन सारख्या पिशव्या शिवल्या. दोन्हींत कापूस भरला. एकीत मुलाच्या मनगटातलं कंपनकडं टाकलं. तो कुरकुरला, पण दिलं. दुसरीत बरणीच्या झाकणाचं रबर. बाहेरून चाचपून माझं मलाही ओळखता येईना.

गुरूंचं बोलून झालं. सूत्रसंचालक आभारांचा कागद काढतोय तोवर मी उठले.

"पहिला प्रश्न माझा."

"वेळ फार झालाय हो बाई," सूत्रसंचालक म्हणाला.

अध्यक्षस्थानी कुलगुरू होते. माझेच विद्यार्थी. माझ्याकडे बघताच त्यांचा कड्याचा हात टेबलाखाली गेला. "रीत आहे," ते पुटपुटले. "विचारा, बाई."

"या माताजी," गुरू हसले. "गुडघे दुखतात का?"

"दुखतात. पण माताजी नको, बाई म्हणा. माझा प्रश्न असा की, कडं कुठल्या पिशवीत आहे हे तुमच्या कंपनांना कळतं का?"

मी पिशव्या दाखवल्या. कुलगुरूंनी पडद्यामागे जाऊन त्यांची अदलाबदल करायची, एक आणायची. समोरच्यानं ती एका हातात धरायची, गुरूंनी दुसरा हात दाबायचा आणि आत कडं आहे की नाही ते सांगायचं. मग पिशवी सगळ्यांसमोर उघडायची. असं दहा वेळा.

"शंकेच्या वातावरणात ऊर्जा संकोचते," गुरू म्हणाले.

"शंका घेणारी इथं मी एकटी. माझी एकटीची नजर तुमच्या अख्ख्या पृथ्वीच्या नाडीला भारी पडते का?"

मागच्या रांगेतली पोरं खिदळली. "होऊन जाऊ द्या!" कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात भिंगरी व्यासपीठावर चढली. "मी धरते पिशवी. माझा विश्वास आहे." आता गुरूंना मागे सरता येईना.

पहिल्या खेपेला तिचा हात ताठ राहिला. "कडं आहे," गुरू म्हणाले. पिशवी उघडली. कडं होतं. सभागृह कडाडलं. गुरूंनी मला वाकून नमस्कार केला. मुलानं खालून माझ्याकडे असं पाहिलं की, आता तरी बस.

"नऊ राहिल्या," मी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला हात ताठ. "कडं!" बरणीचं रबर निघालं. तिसऱ्यांदा हात धाडकन पडला. "नाही!" कड्यानं पिशवीतून तोंड बाहेर काढलं. कुलगुरू स्वतः फळ्यावर बरोबर-चूक मांडत होते, आणि या वेळी रकान्यांना नावं दिलेली होती. शेवटी दहापैकी चार बरोबर.

"नाणं उडवूनही एवढं जमतं," मी म्हणाले.

"सहवासानं रबरातसुद्धा ऊर्जा उतरली!" गुरूंनी हात वर केले. आणि खोटं कशाला सांगू, निम्म्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पदव्या घेतलेली माणसं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भिंगरी मात्र टाळी वाजवत नव्हती. ती आपल्या हाताकडे बघत होती. "आजी," ती म्हणाली, "मी प्रत्येक वेळी तेवढाच जोर लावला. पण ते दर वेळी वेगळ्या ठिकाणी दाबत होते."

पोरीनं मर्म धरलं होतं. मी पैलवानाला वर बोलावलं. हात आडवा धरायला सांगितला, डोळे मिटले आणि गंभीर आवाजात विद्यापीठाच्या बसचं वेळापत्रक म्हटलं. "हूंम्, ग्रंथालय, वसतिगृह, मैदान, हूंम्." त्याच्या बेसावध मनगटावर दोन बोटं टेकवून अंगाचा भार टाकला. हात खाली. मग कडं न घालताच दुसऱ्यांदा दाबला, पण आता कोपराच्याही अलीकडे, खांद्याजवळ. मी अक्षरशः लोंबकळले. पैलवान हसत उभा.

"दार कडीपाशी ढकललं की एका बोटानं उघडतं," मी म्हणाले. "तेच बिजागरीपाशी ढकलून बघा, घाम फुटेल. तुमचा खांदा ही बिजागरी. त्यातून पहिल्या वेळी माणूस बेसावध असतो, दुसऱ्या वेळी दात-ओठ खाऊन उभा राहतो. एवढीच ही विश्वशक्ती. ही तरफ मी याच आवारात वर्षानुवर्षं शिकवली, आणि पहिल्या रांगेतल्या अनेकांनी त्यावर पैकीच्या पैकी गुण घेतलेत."

पहिली रांग आपापले बूट न्याहाळू लागली.

"गुरुजी," भिंगरी म्हणाली, "आता तुम्ही धरा हात. दोन्ही मनगटांत कडी आहेत ना तुमच्या?"

"बाळ, गुरूची परीक्षा घेत नाहीत."

"धरा की!" मागची पोरं एका सुरात ओरडली. "धरा! धरा!"

गुरूंनी धरला. भिंगरीनं बोटं बरोबर मनगटाच्या टोकाला टेकवली आणि दाबली. गुरूंचा हात कोटाच्या खिशावर आपटला. त्या क्षणी सभागृहात जो हशा उठला, तसा मी चिमण्यांच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. आभार मानायच्या आत गुरू मागच्या दारानं गेले. गालावरचा माइक काढायचं विसरले, त्यामुळे पार गाडीचं दार लागेपर्यंत ते चालकाला काय काय बोलले तेही आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यात पृथ्वीची नाडी कुठं नव्हती.

मग पहिल्या दिवसापासून व्यासपीठावरच ठेवलेल्या टोपलीपाशी झुंबड. चष्मा शोधायला चष्मा लागतो, ही अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आमच्या एका विभागप्रमुखांनी भलताच चष्मा लावला आणि मला "नमस्कार, सर" म्हणून गेले. भिंगरीनं तळाशी हात घालून आपला पंप काढला. तोंडाला लावला, दाबला, श्वास धरला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. हळूहळू शिट्टी विरली.

"मी मूर्ख आहे ना, आजी?"

"नाहीस. मूर्खाला दाबायची जागा बदललेली कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावली. चौथी आली. पदक नाही, फोटो नाही. रेषा ओलांडून माझ्याकडे चालत आली, धापा टाकत, पण धापा साध्या, धावणाऱ्या कुणालाही लागतात तशा. "शेवटच्या वळणावर मी घाई केली," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नाही करणार." हरण्याचं कारण ती स्वतःच्या पावलांत शोधत होती. माझ्यासाठी पदक तेच. तिच्या बापानं दोघींना पाणी आणून दिलं आणि रिकामं मनगट चोळत बाजूला उभा राहिला.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. पुन्हा कुणी कोट घालून येईल, कुणी कफनी घालून येईल. हात दाबेल, पाणी फुंकेल, रेघा दाखवेल. टाळी वाजवण्याआधी विचारा: डोळ्याला पट्टी बांधून जमतं का? दहा वेळा जमतं का? दुसऱ्यानं केलं तर जमतं का? खऱ्या गोष्टीला असल्या प्रश्नांची भीती वाटत नाही. आणि जो माणूस तुमचं औषध टोपलीत टाकायला सांगतो, त्याला आधी स्वतःचा हात आडवा धरायला सांगा.

बरणीचं रबर त्या गडबडीत हरवलं. त्याच्या जागी मी कंपनकडं बसवलंय. चपखल बसतं. आतली साखर सादळत नाही.